चिपटं, मापटं आणि दोन वर्षांचं मूल

अंगणवाडीच्या दफ्तरात दीड वर्षाच्या मुलाची ओळख वजनाने होते. महिन्याला काट्यावर ठेवायचं, आकडा लिहायचा, उंची मोजायची, घरी न्यायच्या आहाराची पाकिटं आईकडे द्यायची, पुढच्या लसीची आठवण करायची. तीन वर्षं पूर्ण झाली की ते मूल अंगणवाडीत येऊन बसतं, गाणी म्हणतं, खिचडी खातं. तोवर ते घरचं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनिशी सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना आता पन्नाशीला पोचली आहे. या काळात तिने कोट्यवधी मुलांच्या ताटात अन्न घातलं, त्यांच्यापर्यंत लसी पोचवल्या. ते काम मोठंच आहे. मात्र पहिल्या तीन वर्षांत मूल काय शिकतं, कुणाकडून शिकतं आणि घरच्या माणसांनी त्यासाठी काय करायचं, हा विषय सरकारी कागदावर यायला फार उशीर झाला.

घरांमध्ये तो कधीपासूनच आहे. गडहिंग्लज तालुक्यातल्या गावांत हे ठळकपणे दिसतं. हिरण्यकेशीच्या काठचा हा मुलूख. एका अंगाला संकेश्वर, म्हणजे कर्नाटक; दुसऱ्या अंगाला आजऱ्यावरून आंबोलीकडे आणि पुढे सावंतवाडीला उतरणारा रस्ता. ऊस, भुईमूग, शाळू, मिरची ही पिकं. नूल, हलकर्णी, भडगाव, नेसरी या बाजूंना अजून पुष्कळ घरं अशी आहेत की पुढे सोपा, मागे परडं, आणि पीक निघालं की घरातलं प्रत्येक माणूस कामाला. दिवाळीच्या तोंडावर सोप्यात शेंगांचा ढीग असतो, अंगणात काहीतरी वाळत असतं, आणि या सगळ्यातून एक सव्वा-दीड वर्षाचं पोर धडपडत फिरत असतं. बहुतेकदा त्याला उचलून बाजूला ठेवतात. ते पुन्हा येतं.

ते पुन्हा का येतं, याचं उत्तर शोधायला पुस्तकाची गरज नाही. त्याच्याकडे दहा मिनिटं बघत बसलं तरी पुरे. ते बुट्टीतून शेंगा काढतं आणि परत बुट्टीत टाकतं. झाकण काढतं, लावतं, लागत नाही म्हणून फिरवतं. तांब्यातलं पाणी वाटीत ओततं आणि सांडलेल्या पाण्यावर तळहात आपटून बघतं. मोठ्यांच्या लेखी ही नासधूस. मुलाच्या लेखी हे काम आहे, आणि ते कामाइतकंच गंभीरपणे चाललेलं असतं.

जुन्या घरांत माळ्यावर धान्याची मापं अजून सापडतात. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. बाजारातून ही मापं गेली, किलो आला. पण ती माळ्यावरून खाली काढून, घासून, दोन-अडीच वर्षांच्या मुलासमोर ठेवावीत आणि सोबत पसाभर शाळू द्यावा. चिपटं भरून मापट्यात ओतलं की मापटं अर्धंच भरतं. दुसरं चिपटं ओतलं की काठोकाठ. तिसरं ओतलं की सांडतं. हे मूल मोजत नाही, त्याला अंक येत नाहीत. पण ‘लहान दोनदा म्हणजे मोठं एकदा’ ही गोष्ट त्याच्या मनगटाला कळते. पुढे चौथीत अपूर्णांक शिकताना ज्या मुलांची गाडी अडते, त्यांच्या हातून हे ओतणं कधी झालेलंच नसतं, असं मला पुष्कळदा वाटतं. मापं एकात एक बसतात का, हे ते करून बघतं. मोठं लहानात जात नाही. चार वेळा करून बघतं आणि पाचव्यांदा बरोबर उचलतं.

मारिया माँटेसोरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत पहिलं बालगृह उघडलं, तेव्हा त्यांनी हेच केलं होतं. क्रमाने लहान-मोठे लाकडी दट्टे, चढत्या मापाचे ठोकळे, पाणी आणि धान्य ओतण्याची भांडी. पुढे या साधनांचे संच झाले, संचांच्या किमती झाल्या, आणि ‘माँटेसोरी’ हा शब्द आपल्याकडच्या गल्लीबोळांतल्या पाट्यांवर चढला. त्या पाट्यांखाली पुष्कळ ठिकाणी मुलांना ओतायला काहीच मिळत नाही.

ही चूक फार आधी ज्यांनी ओळखली, त्या ताराबाई मोडक. जन्म १८९२चा. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं, १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ काढला. नंतर त्या मुंबईला आल्या, दादरला शिशुविहार उभा केला. शहरातली शिकलेली कुटुंबं, नीटनेटके वर्ग, मान्यता, सगळं जमलेलं होतं. ते सोडून १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डीत आणि पुढे कोसबादच्या टेकडीवर या दोघींनी जे केलं, त्याच्याएवढं मूलभूत काम बालशिक्षणात या देशात फारसं झालेलं नाही.

खेड्यातली, वारली वस्तीतली मुलं वर्गात येत नाहीत हे दिसल्यावर त्या बालवाडीच घेऊन मुलांच्या अंगणात गेल्या. विकतच्या साधनांऐवजी बिया, शिंपले, खडे, पानं, बांबूच्या कांड्या घेतल्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली. आणि एक गोष्ट त्यांनी फार बारकाईने पाहिली: सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर दीड वर्षाचं भावंड आहे. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. धाकट्याची सोय झाली तरच थोरली शिकेल, हा साधा हिशोब होता. पुढे देशभर पसरलेल्या योजनेने बोर्डीच्या अंगणवाडीचं नाव उचललं. पाळणाघर मात्र फारसं उचललं नाही. आज दीड वर्षाच्या मुलाबद्दल बोलताना माझी पहिली तक्रार हीच आहे.

नंतरच्या काळात महाराष्ट्रात या विषयावर बोलणारी माणसं होत राहिली. पुण्यात गरवारे बालभवनातून शोभा भागवत पालकांशी बोलत राहिल्या. ‘पालकनीती’ मासिक १९८७ पासून निघतं. आपल्या कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि अनुभवातून शिकणं म्हणजे काय, हे रोजच्या वर्गात करून दाखवलं. पण यातलं पुष्कळसं मराठीतून वाचणाऱ्या, शहरातल्या किंवा निदान जिल्ह्याच्या ठिकाणच्या पालकांपर्यंत पोचलं. तीनच्या आतलं मूल आणि शेतावर जाणारी आई यांच्यापर्यंत जायचं राहून गेलं.

आता मापट्याकडे परत येऊ, कारण मापटं एकटं सगळं शिकवत नाही. शाळू सांडला की मूल मान वर करून बघतं. त्या नजरेला कुणी उत्तर देतं की नाही, यावर फार काही अवलंबून आहे. ‘सांडलं काय रं? भरलं होतं नव्हं काठापर्यंत!’ एवढं आज्जी बोलली की मुलाने केलेल्या गोष्टीला शब्द मिळाला. मग आज्जी गप्प बसली पाहिजे. मूल काहीतरी आवाज काढेल, बोट दाखवेल, दुसरं चिपटं भरेल. त्यावर पुन्हा आज्जी. जगभरचे बालविकासाचे अभ्यासक आज ज्या गोष्टीवर सर्वांत जास्त भर देतात ती हीच: मुलाने सुरुवात करायची, मोठ्याने उत्तर द्यायचं, आणि मुलाची पाळी येईल तोवर थांबायचं. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. आपण एकतर बोलतच नाही, नाहीतर मुलाचंही आपणच बोलून टाकतो. ‘काय पाहिजे, पाणी पाहिजे? हे घे पाणी.’ मुलाला ‘पाणी’ म्हणायची संधीच मिळाली नाही. मनात पाचपर्यंत मोजलं तरी पुष्कळ मुलं त्या वेळात काहीतरी म्हणतात.

याचा पुरावा कुठे आहे, असं विचारणाऱ्यांसाठी जमैकाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या देशाच्या राजधानीत, किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत, १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंची खुंटलेली १२९ मुलं निवडली, वय नऊ महिने ते दोन वर्षं. काहींना दर आठवड्याला दुधाची भुकटी दिली. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा, एक तास, वस्तीतलीच आरोग्यसेविका जायची. जाताना पिशवीत टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी न्यायची, आईला मुलाबरोबर खेळून दाखवायची, आईकडून करून घ्यायची, खेळणी तिथेच ठेवायची आणि पुढच्या आठवड्यात बदलायची. काही मुलांना दूध आणि खेळ दोन्ही मिळालं, काहींना दोन्ही नाही. हे दोन वर्षं चाललं आणि थांबलं. वीस वर्षांनी संशोधकांनी तीच मुलं शोधून काढली, आता ती कमावती झाली होती. २०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या निष्कर्षानुसार ज्यांच्या घरी खेळ गेले होते त्यांची कमाई २५ टक्क्यांनी जास्त होती. लहानपणी उंची न खुंटलेल्या मुलांच्या बरोबरीला ती आली होती. नुसत्या दुधाचा परिणाम तेवढा टिकला नाही.

हा निष्कर्ष वाचून कुणी आहाराची पाकिटं बंद करा म्हणेल तर तो दुष्टपणा ठरेल. उपाशी मूल खेळत नाही. महाराष्ट्रात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली, म्हणजे दर तिसरं मूल. किंग्स्टनची ती मुलं आपल्या या मुलांसारखीच होती. पोटाला अन्न हवंच. पण अन्नाबरोबर रोज कुणाचं तरी बोलणं आणि खेळणंही हवं, आणि ते पाकिटातून येत नाही.

गडहिंग्लजच्या घरात त्यासाठी वेगळं सामान आणावं लागत नाही. पूर्वी सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी खेळणी, पांगुळगाडा, ही नवलाई होती. बेंदराला कुंभाराकडून मातीची बैलजोडी यायची, पूजा झाली की ती मुलांची. मोडली तर मोडली. पुन्हा चिखल कालवून नवी करता यायची. आता दिवाळीत किल्ला होतो. सामानगडासारखा खराखुरा गड ज्या तालुक्यात आहे, तिथली पोरं किल्ला मन लावून करणारच. पण दोन वर्षांच्या धाकट्याला त्या किल्ल्याजवळून हमखास हाकललं जातं, कारण तो बुरूज पाडतो. त्याला कालवलेल्या मातीचा स्वतंत्र गोळा द्यावा, थोडं पाणी, एक जुना डाव. तो दाबेल, थापेल, बोट घालून भोक पाडेल. पुढे पेन्सिल धरणारी बोटं अशी तयार होतात. रांगोळी काढताना चिमटीतून रांगोळी सोडायला दिली तरी तेच. आडव्या-उभ्या रेघा या वयाला पुरेत. अडीच वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल कोंबून ‘अ’ गिरवायला लावण्यात त्याचा काहीही फायदा नाही, आणि लिहिण्याची नावड मात्र तेव्हाच रुजते.

कपड्यांच्या घड्या घालताना मोजे जोडीने लावणं, चपला जोडीने ठेवणं, भाजी निवडताना मेथीची पानं एका ताटलीत आणि काड्या दुसरीत टाकणं, वाटाण्याची शेंग सोलणं, कणकेचा छोटा गोळा मळणं, परड्यातल्या शेवग्याला पाणी घालणं. ही यादी कितीही वाढवता येईल. कामाला दुप्पट वेळ लागेल, हे खरं. म्हणून सगळी कामं मुलाबरोबर करू नयेत. दिवसातलं एक काम मुलाच्या वेगाने करावं, बाकीची आपल्या.

इथे एक गोष्ट कडकपणे सांगायची आहे. या तालुक्यात शेंगा म्हणजे घरची वस्तू, आणि सोप्यात बसून शेंगा फोडणारं दोन वर्षांचं मूल बघायला गोड वाटतं. शेंगदाणा हा लहान मुलांच्या श्वासनळीत अडकणाऱ्या पदार्थांत सगळ्यांत पुढचा आहे. दाढा पूर्ण आलेल्या नसतात, चावणं कच्चं असतं, आणि हसता-रडताना दाणा नळीत जातो. चार वर्षांपर्यंत अख्खा दाणा, फुटाणा देऊ नये. कूट करून द्यावं. हरभरा, चिंचोके, मणी, घड्याळातला बटणासारखा सेल, यांचंही तसंच. खेळण्यांच्या सुरक्षिततेचं माप असं आहे की सुमारे सव्वातीन सेंटिमीटर रुंदीच्या नळीतून जी वस्तू आत जाते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात नको. संक्रांतीनंतर बोरन्हाण घालताना बोरं-चुरमुऱ्यांबरोबर गोळ्या आणि हरभरे मुलाच्या डोक्यावरून ओततात, तेव्हाही हे लक्षात ठेवावं. आणि पाण्याचा खेळ कितीही आवडता असला तरी न्हाणीतल्या भरल्या बादलीजवळ मूल क्षणभरही एकटं सोडू नये. चालायला लागलेलं पोर बादलीत तोंडघशी पडलं तर त्याला स्वतःला वर उचलता येत नाही.

पुस्तकांचं काय? खेड्यातल्या पुष्कळ घरांत मुलांचं चित्रांचं पुस्तक नसतं. पण लग्नाचा अल्बम असतोच. दोन वर्षांच्या मुलासाठी याहून चांगलं चित्रांचं पुस्तक मला माहीत नाही. प्रत्येक पानावर ओळखीचे चेहरे, आणि प्रत्येक चेहऱ्याला नातं. हे कोण? आत्या. आत्याच्या हातात काय? ही बघ आई. आई रडायला का लागली? बाबाच्या डोक्याला काय बांधलंय? अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आयांना एवढंच शिकवलं होतं: पुस्तक दाखवताना नुसतं वाचत जाऊ नका, मुलाला विचारा, त्याच्या उत्तराला थोडं जोडा, त्याला सांगू द्या. महिनाभरात त्या मुलांचं बोलणं इतर मुलांच्या कितीतरी महिने पुढे गेलेलं दिसलं, आणि दोन्हीकडच्या आया मुलांना पुस्तकं दाखवतच होत्या. फरक फक्त विचारण्याचा आणि थांबण्याचा होता. अल्बमला कोपरे फाटण्याची भीती असते, म्हणून तो कपाटात वर असतो. तो खाली आणावा.

या तालुक्याची आणखी एक श्रीमंती आहे, ती म्हणजे भाषा. इथल्या कितीतरी घरांत आज्जी कानडी बोलते, आई मराठी. संकेश्वर-हुक्केरीकडून सुना येतात, इकडच्या मुली तिकडे जातात. बाजारात भाव एका भाषेत ठरतो आणि शिव्या दुसऱ्या भाषेत दिल्या जातात. अशा घरातलं मूल दोनच्या पुढे गेलं आणि कमी बोलत असलं की कुणीतरी शहाणं माणूस सल्ला देतं: कानडी बंद करा, पोराचा गोंधळ होतोय. हा सल्ला चुकीचा आहे. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे एकेका भाषेतले शब्द मोजले तर कमी भरतात. दोन्ही मिळून मोजले तर एका भाषेच्या मुलाइतकेच होतात. आज्जीने कानडी बंद केली तर घरात सर्वांत जास्त वेळ देणारं माणूसच मुलाशी बोलायचं थांबतं. तिने आपल्या भाषेत गोष्टी सांगाव्यात, आईने आपल्या.

बंद करायचंच असेल तर ते तोडकंमोडकं इंग्रजी बंद करावं. ‘नोज दाखव, आईज दाखव, काऊ बघ काऊ’ हे आता गडहिंग्लजमध्ये काय आणि खेड्यात काय, सगळीकडे ऐकू येतं. आईवडिलांचा हेतू चांगला असतो. मूल इंग्रजी शाळेत जाणार, त्याला जड जाऊ नये. पण ज्या भाषेत आई रागावते, समजूत काढते, आठवणी सांगते, त्या भाषेत ती मुलाला हजार बारकावे देते. परक्या भाषेत तिच्याकडे देण्यासारखी दहा नामं असतात. नाक म्हटलं की नाक मुरडतं, नाक वाहतं, नाकात बोट घालू नको, हे सगळं पाठोपाठ येतं. ‘नोज’च्या पाठीमागे काहीच येत नाही. घरच्या भाषेत भक्कम झालेलं मूल दुसरी भाषा चांगली शिकतं.

भाषा माणसाकडूनच येते, याचा एक सुंदर प्रयोग आहे. पॅट्रिशिया कुल यांनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं बसून खेळली, गोष्टी सांगितल्या. काहींना तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. बारा बैठकींनंतर पहिल्या गटाला त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. पडद्यावाल्या गटाला काहीच आलं नाही. २००३ साली हे प्रसिद्ध झालं, म्हणजे स्मार्टफोनच्या आधी. आज जेवताना समोर मोबाइल लावल्याशिवाय घास न घेणारं मूल घरोघरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं, एक वर्षाच्या मुलाला पडदा नकोच, दोन वर्षांनंतर फार तर तासभर. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२१ साली हेच म्हटलं: दोनच्या आत अजिबात नाही. त्यातलं गाणं मराठी आहे की इंग्रजी, याने फरक पडत नाही. पडदा मुलाच्या तोंडाकडे बघत नाही आणि त्याच्यासाठी थांबत नाही.

आईला मोबाइल का लावावा लागतो, हे मात्र विचारलं पाहिजे. पहाटे उठून भाकऱ्या, गोठा, धुणं, मग रानात किंवा गावातल्या नोकरीवर, परत आल्यावर पुन्हा चूल. घास भरवण्याच्या वेळात तिला आणखी दोन कामं उरकायची असतात. बालशिक्षणावरचे बहुतेक लेख आणि भाषणं या आईला आणखी एक काम सांगतात. रोज मुलाला अर्धा तास द्या, असं म्हणणारा तो अर्धा तास तिच्या कोणत्या कामातून काढायचा हे सांगत नाही. म्हणून मी वर जे म्हटलं ते चालू कामातच मुलाला घेण्याबद्दल आहे, आणि आता जे म्हणतो ते बापाबद्दल.

पालकसभेला आई येते. लसीला आई, वजनाला आई, पाकिटाला आई. बाप संध्याकाळी कट्ट्यावर असतो. गडहिंग्लजला फुटबॉलचं वेड आहे, पिढ्यान्‌पिढ्या. ज्याने आयुष्यभर चेंडूवर प्रेम केलं त्याला दीड वर्षाच्या मुलासमोर पाय पसरून बसून चेंडू घरंगळत सोडायला वेगळं शिकवावं लागणार नाही. चेंडू तिकडे, चेंडू इकडे. ‘आता कुणाची पाळी? तुझी. आता?’ संभाषणाचा पाया या खेळात आहे: तू, मग मी, मग तू. रात्री जेवणानंतरची पंधरा मिनिटं, आठवड्यातून एकदा आंघोळ घालण्याचं काम, बाजारला जाताना कडेवर घेऊन जाणं आणि तिथल्या मिरच्या, वांगी, टोपल्या, कुत्री यांची नावं सांगत फिरणं. एवढं बापाने उचललं तर आईला उसंत मिळते आणि मुलाला आणखी एक बोलणारं माणूस.

आता सरकारी कागदाकडे वळायला हरकत नाही, कारण तिथेही चांगलं घडायला लागलं आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा काढला. त्यात ३६ महिन्यांचं वेळापत्रक आणि १४० कृती आहेत. सेविकेने गृहभेटीत त्या आईवडिलांना दाखवायच्या. महाराष्ट्रात त्याही आधी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफ आणि राज्य शासनाबरोबर ‘आरंभ’ हा कार्यक्रम केला. यवतमाळ आणि औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, या जिल्ह्यांत सेविकांनी गृहभेटी आणि पालक मेळावे घेतले. मेळाव्यात घरच्याच वस्तूंचे खेळ मांडलेले, आणि खेळायला आईबरोबर बाप, आजी-आजोबा.

कागद चांगला आहे. पण तो चालवणार कोण? एका अंगणवाडी सेविकेकडे तीन ते सहाची मुलं रोज, त्यांचा आहार, गरोदर बायका, लसीकरणाचा दिवस, मोबाइलवर पोषण ट्रॅकरच्या नोंदी, शिवाय येतील ती सर्वेक्षणं. ४ डिसेंबर २०२३ पासून महिनाभराहून अधिक काळ राज्यातल्या सेविका-मदतनिसांनी मानधन, ग्रॅच्युइटी, निवृत्तिवेतनासाठी संप केला, तेव्हा अंगणवाड्यांना कुलपं लागली. १४० कृतींचं पुस्तक हातात देऊन, तिच्या डोक्यावरचं काही कमी न करता, ती घरोघरी जाऊन खेळून दाखवेल अशी अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे. जमैकात त्या बायकांना याच कामासाठी पगार होता.

गृहभेटीचा आणखी एक उपयोग आहे, त्यावर फार कमी बोललं जातं. जे मूल वर्षाचं होऊन नावाला ओ देत नाही, दीड वर्षात एकही अर्थाचा शब्द बोलत नाही, दोन वर्षांचं होऊन दोन शब्द जोडत नाही, डोळ्याला डोळा देत नाही, किंवा येत असलेलं बोलणं विसरत चाललं आहे, त्याला ‘आमच्यात सगळे उशिराच बोलतात’ म्हणून घरी ठेवू नये. कान तपासावेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत तपासणीला येतात. पुढच्या उपचाराची सोय सरकारी रुग्णालयांतून होते. तीनच्या आत ओळखलं तर पुष्कळ करता येतं.

आणि दिवाळी संपता संपता या तालुक्यात आणखी मुलं येतात. उसाचा गळीत हंगाम सुरू होतो, कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडते, आणि बीडकडच्या ऊसतोड टोळ्या ट्रॅक्टरमधून संसार घेऊन उतरतात. मुकादमाची उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. रानाच्या कडेला कोप्या पडतात. पहाटे अंधारात फडात जायचं. दोन वर्षांचं मूल कोपीत राहतं, नाहीतर फडाच्या बांधावर वाढ्यांच्या ढिगाजवळ, आणि त्याला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण. बोर्डीत ताराबाईंनी पाहिलेली हीच ती मुलगी. वीटभट्ट्यांवरच्या आणि फडावरच्या मुलांसाठी कोल्हापूरची ‘अवनि’ संस्था वर्षानुवर्षं काम करते आहे, पण शाळेच्या वयाच्या मुलांचीच गर्दी इतकी की तीनच्या आतल्यांचा नंबर शेवटी लागतो.

या मुलांचा पत्ता नाही, अशी सबब आता चालणार नाही. स्थलांतर करणाऱ्या माता आणि मुलांच्या नोंदीसाठी राज्याने २०२२ साली स्वतंत्र प्रणाली सुरू केली; कोण कुठून निघालं आणि कुठे उतरलं, हे त्यात कळायला हवं. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे, त्यासाठी उसाच्या टनामागे कारखान्यांकडून पैसे घ्यायचे आणि तेवढीच भर शासनाने घालायची असं ठरलं आहे. हंगाम चार-पाच महिने चालतो. गावातल्याच एखाद्या बाईला मानधन देऊन कोप्यांवर आठवड्यातून एकदा, आई फडातून परतल्यावर, तासभर पाठवायचं म्हटलं तर एका मुलामागे हंगामात सोळा ते वीस तास होतात. तिच्या पिशवीत डबे, झाकणं, कापडी चेंडू, चित्रांची दोन पुस्तकं आणि मापटी. दिवसा चालणारं पाळणाघर त्याच्याबरोबर हवंच, नाहीतर ती थोरली बहीण पुन्हा शाळेबाहेर. पुढच्या हंगामाचे करार होतात तेव्हा टोळ्यांची संख्या, वाहनं, उचल, सगळं लिहिलं जातं. प्रत्येक टोळीबरोबर तीन वर्षांच्या आतली मुलं किती, हा रकाना त्याच कागदावर घालता येतो, आणि त्यासाठी कुणाचीही परवानगी लागत नाही.